आबांना पडलेली मतं

"उचल भंडारा," बजरंग म्हणाला.

खंडोबाच्या देवळात अख्खी वाडी ओळीनं उभी होती. पुढं ताटात भंडारा, वर बेलाची पानं. बजरंग आमच्याच वाडीचा, पण हिंदुराव आबांचा कारभारी. उद्या मतदान, म्हणून आज तो हे ताट घेऊन बसला होता. एकेकानं पुढं यायचं, बेल-भंडारा मुठीत घ्यायचा आणि देवासमोर म्हणायचं, माझं मत आबांनाच. शपथ मोडली तर देव बघून घेईल, आणि देवाला सवड नसली तर आबा होतेच.

माझ्या पुढं सासूबाई होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी खणखणीत आवाजात शपथ घेतली आणि भंडारा कपाळाला लावला. मग माझी पाळी आली. माझा हात असा काही थरथरायला लागला की बेलाचं पान खाली पडलं. बजरंगनं ते पाहिलं.

"मैनावैनी, थंडी वाजती का?" त्यानं विचारलं.

मागची माणसं हसली. मीही हसले आणि शपथ घेऊन मोकळी झाले. थंडी कसली वाजतेय? माझं मत आबांना द्यायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि तोंडानं मी देवासमोर उलटं बोलत होते. मी काही धीट बाई नव्हे. पाल दिसली तरी ओरडणारी. पण काही गोष्टी माणूस धीटपणानं करत नाही, त्याच्याच्यानं दुसरं काही होतच नाही.

आमची उंबरखोंडची वाडी धरणाच्या पाण्याच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. मूळ गाव पाण्याखाली गेलं तेव्हा माणसं वर सरकली ती तिथंच राहिली. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात सगळ्यांना दहिवळ्याच्या कालव्याखाली जमीन मिळाली होती. कागदावर. प्रत्यक्षात त्या जमिनीत आबांचा ऊस उभा असायचा. माझे सासरे वर्षातनं एकदा तिथं जायचे, बांधावर उभं राहून आपली जमीन बघायचे आणि परत यायचे. शेवटच्या वर्षी त्यांनी धीर करून आबांना विचारलं तर आबा म्हणाले, "घाई काय हाय?" त्याच हिवाळ्यात सासरे गेले. घरोघरी असंच होतं, पण कुणी तोंड उघडायचं नाही, कारण वाडीला दहिवळ्याशी जोडणारी लाँच आबांची होती. दळण, बाजार, दवाखाना, सगळं त्या लाँचवर. आणि ती लाँच चालवायचे आमचे मालक, धोंडिराम. म्हणजे आमची चूल आबांच्याच पगारावर पेटायची. मालक आबांचं नाव घेताना टोपी सारखी करायचे. त्यांच्यापुढं आबांबद्दल वाकडा शब्द काढायची माझी टाप नव्हती.

पूर्वी मतदानाला आम्ही सगळे लाँचमधून दहिवळ्याच्या शाळेत जायचो. केवढी रांग, केवढी गर्दी! दहिवळ्याची आणि आमची मतं एकाच मशीनमध्ये पडायची. प्रत्येक वेळी आबा निवडून यायचे, पण त्या शाळेत त्यांना मतं कमी पडायची, आणि आबांचा संशय दहिवळ्याच्या बाजारपेठेवर. एकदा तर त्यांनी दुकानांपुढची छपरं उतरवायला लावली. आम्ही परतीच्या लाँचमध्ये म्हणायचो, काय बाई तरी ती पेठेतली माणसं, खाल्ल्या मिठाला जागत नाहीत.

त्या वर्षी मतदारसंघांची नवी आखणी झाली. आबांची हक्काची काही गावं शेजारच्या मतदारसंघात गेली, काही अनोळखी गावं आमच्यात आली, आणि पाण्यापलीकडच्या वाड्यांना स्वतःचं मतदान केंद्र द्यायचं ठरलं. मागणी आमचीच होती बरं का. म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन लाँचमध्ये चढवावं लागायचं, म्हणून किती वर्षं अर्ज करत होतो. केंद्र मंजूर झालं तेव्हा आबांनी स्वतः येऊन सांगितलं, तुमचं मत आता तुमच्या दारात. आम्ही त्यांना हार घातला. मतदानाच्या दिवशी बायकांनी शाळेपुढं रांगोळ्या काढल्या आणि आलेल्या कर्मचाऱ्यांना पुरणपोळ्या खाऊ घातल्या. आबांचा प्रतिनिधी म्हणून आत बजरंग बसला होता. मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले, दुसऱ्याच चिन्हापुढचं बटण दाबलं आणि घाम पुसत बाहेर आले.

संध्याकाळी मशीनला सील करत होते तेव्हा मी त्या साहेबांना चहा द्यायला गेले. सहज विचारलं, आता हे सगळं दहिवळ्याच्या मशीनमध्ये ओतणार का?

"ओतणार कसं, बाई?" ते हसले. "तुमचं मशीन वेगळं, तुमची मोजणी वेगळी. मोजायच्या दिवशी केंद्राचं नाव घेऊन आकडा वाचतात. उंबरखोंडनं कुणाला किती दिली, सगळ्या जिल्ह्याला कळेल."

मी बशी तिथंच विसरून बाहेर आले. उंबरखोंडची सगळी मतं आबांना, आणि एक दुसऱ्याला. ते एक कुणाचं, हे शोधायला बजरंगला कितीसा वेळ लागणार होता? भंडारा उचलताना कुणाचा हात थरथरला, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

मोजणीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मालक रात्री कुशी बदलायचे, मी डोळे मिटून पडायची आणि मनात म्हणायची, यांना कळलं. यांना बजरंगनं सांगितलं. नोकरी जाणार, लाँच बंद होणार, आणि वाडी माझ्या नावानं खडे फोडणार. आत्याबाईंनी अचानक खंडोबाचा उपास धरला. विचारलं तर म्हणाल्या, शेवंतासाठी.

शेवंता म्हणजे माझी धाकटी नणंद, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. गोरीपान, हसरी पोरगी, मला वैनी वैनी करत दिवसभर मागं फिरायची. नर्सबाई तपासून सांगून गेल्या होत्या की मूल आडवं आहे, घरी थांबू नका, पहिली कळ आली की तडक दहिवळ्याचा दवाखाना गाठा, नाहीतर दोघंही हाताला लागायची नाहीत. म्हणजे लाँच. मला सारखं वाटायचं, देव माझी शपथ या पोरीवर काढणार. मी तिच्याकडं बघायची सुद्धा नाही धड. ती म्हणायची, "वैनी, रुसलीस व्हय माझ्यावर?"

मोजणीच्या दिवशी मालक उजाडायच्या आत बजरंगला घेऊन दहिवळ्याला गेले. आबांनी दोघांनाही तालुक्याला बोलावलं होतं. लाँच पलीकडच्या काठाला बांधलेली. आणि सकाळची भाकरी तव्यावर असतानाच शेवंता कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वैनी," ती म्हणाली, "दुखतंय."

मी देवळाच्या पायरीवर धावले. फोनला रेंज तिथंच यायची. मालकांना लावला, उचलला नाही. परत लावला, बंद. वाडीत होड्या होत्या, पण वारं सुटलं होतं आणि पाणी लाटांनी पांढरं झालं होतं. तसल्या कळा देणाऱ्या बाईला त्या टोपलीएवढ्या होडीत घालायला नामदेवतात्यांसारखा जुना नावाडीही तयार होईना. दुपारपर्यंत शेवंताचा चेहरा राखेसारखा झाला. आत्याबाई तिच्या उशाशी बसून पुटपुटत होत्या, आणि मी घर ते देऊळ, देऊळ ते घर, नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

शेवटी फोन वाजला तो नामदेवतात्यांचा. त्यांचा भाचा तालुक्याला मोजणीच्या मांडवाबाहेर उभा होता, आकडा लागल्यापासून फोन लावत होता. तात्या ऐकत राहिले आणि हळूहळू पायरीवर खाली बसले. माणसं गोळा झाली.

"आबा पडले," तात्या म्हणाले. "थोडक्यात पडले."

"आन् आपल्या केंद्राचं?" कुणीतरी विचारलं.

तात्यांनी ओठावरून जीभ फिरवली. "आपल्या केंद्रावर आबांना शून्य."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग एक म्हातारबा म्हणाले, मशीन बिघडलं असणार, मी तर दिलंय. त्याबरोबर सगळेच बोलायला लागले. मी दिलंय, आमच्या घरातनं सगळ्यांनी दिलंय, भंडारा उचललाय म्हणजे काय. शून्य समोर उभं होतं आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत खोटं बोलत होती. मग एकेक जण बोलायचा थांबला. शेजारीण माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. तिनंही नाही दिलं. तिच्या सासऱ्यानंही नाही दिलं. इतकी वर्षं दहिवळ्याच्या पेठेला शिव्या देत आम्ही एका लाँचमधून येत होतो, आणि त्या लाँचमध्ये आबांना मत दिलेलं एकही माणूस नव्हतं.

खरं सांगते, क्षणभर मला हसू फुटलं. माझ्या एका मताच्या भीतीनं मी अर्धी झाले होते आणि इथं सगळीच माझ्या जातीची निघाली. पण ते हसू गालातच राहिलं. आबांना एक मत जरी पडलं असतं, तरी प्रत्येकाला म्हणता आलं असतं, ते माझं. शून्यात कुणाला काही म्हणता येत नव्हतं. आणि मग एकदम डोक्यात आलं की मालकांचं नावही याच केंद्रात आहे. टोपी सारखी करणारा माझा नवरा! पलीकडं, आबांच्या शेजारी, तो माणूस आत्ता एकटा होता.

तेवढ्यात पाण्यावरून इंजिनाचा आवाज आला.

आम्ही शेवंताला दोन्हीकडून धरून धक्क्यावर आणलं. मागं अख्खी वाडी आली. लाँच लागली. चाकावर मालक, चेहरा दगडासारखा. मागं बजरंग उभा, हळद फासल्यासारखा पिवळा पडलेला. मला वाटलं, आबांनी त्याला खडसावलं असणार, एवढी वाडी हातात देऊन एक मत आणता आलं नाही म्हणून. आणि पुढं आबा. बुटका, पांढऱ्या कपड्यातला, हळू बोलणारा माणूस. आबांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटायची. ते उतरले नाहीत. लाँचच्या कडेला उभे राहून त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली.

"मला मत दिलेल्या माणसानं लाँचमध्ये यावं," आबा म्हणाले. "ही लाँच माझ्या माणसांसाठी हाय. बाकीच्यांनी ज्याला मत दिलं, त्याची लाँच बोलवावी."

कुणी हललं नाही. शेवंता माझ्या खांद्यावर दात आवळून कण्हत होती. मी आत्याबाईंकडं बघितलं. एरवी चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारी बाई, पण त्यांच्या तोंडातनं शब्द फुटेना. पोरीची आई ती, काय बोलली असती? चढावं म्हणावं तर शून्य होतं.

शेवटी बोलले ते मीच. कुठून सुचलं देव जाणे.

"आबा, हिचं नाव आमच्यात न्हाई," मी म्हणाले. "लगीन झाल्यापासनं हिचं मत सासरच्या गावात. हिनं हितं मतच दिलेलं न्हाई. तुमच्या इरोधात न्हाई आन् कुणाच्याच इरोधात न्हाई."

आबांनी शेवंताकडं बघितलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मग तिनं यावं. एकटीनं."

"एकटी कशी जाईल, आबा? तिला उभं ऱ्हाता येईना."

"एकटी का? माझी माणसं हायत की. धोंडिराम तिचा सख्खा भाऊ हाय. बजरंग हाय. ह्या वाडीत माझी म्हणायला ही दोन तरी माणसं—"

ते तिथंच थांबले.

मला वाटतं, सकाळपासून त्यांनी तो आकडा शंभरदा मनात म्हटला असेल, पण आपल्या माणसांना त्यात धरलंच नव्हतं. मोठ्या माणसांचं असंच असतं. ड्रायव्हर आणि कारभारी म्हणजे त्यांच्या लेखी हातातली काठी, काठीला मत कुठलं? आणि त्यांना काय बोलू, बजरंग माझ्या तरी कुठं लक्षात आला होता? आबांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. आम्हाला बेल-भंडारा देणारा, केंद्रात दिवसभर आबांसाठी बसलेला बजरंग. त्यानं टोपी काढली आणि दोन्ही हातात धरली. मग आबांनी मालकांकडं बघितलं. मालकांनी टोपीला हात लावला नाही. जन्मात पहिल्यांदा ते आबांच्या डोळ्यांत बघत उभे होते.

आबांचा हात लाँचच्या कठड्यावर गेला. समोर धक्क्यावर अख्खी वाडी, मागं एवढं पाणी, आणि पलीकडं जायचं ते या दोघांच्या जिवावर. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला इथून दिसला.

"आबा," मी म्हणाले, "पोरीला उशीर व्हतोय."

"या," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "दोघी या तिच्यासंगं."

आम्ही शेवंताला चढवून खाली घोंगडीवर निजवलं. आबा एरवी बसायचे ती पुढची जागा सोडून मधल्या बाकावर बसले, दोन्ही हातांनी बाक धरून. बजरंग मागं उभा राहिला. आत्याबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या, आणि आता जवळ बसल्यावर मला शब्द कळले. "माझं पाप हाय, देवा. म्या शपथ मोडली. पोरीला धरू नगंस." सकाळपासून त्या हेच म्हणत होत्या. मीही मनात हेच म्हणत होते.

पाण्याच्या मधोमध मालकांनी इंजिन बंद केलं.

लाँच लाटांवर हेलकावे खायला लागली. मालकांनी चाक सोडलं, कडेचा लांब बांबू उचलला आणि आबांच्या दिशेनं यायला लागले.

"का थांबवलीस?" आबांनी विचारलं. मालक चालतच राहिले. "धोंडिराम, का थांबवलीस?"

एवढ्या वर्षांच्या संसारात मला माझ्या नवऱ्याची भीती कधी वाटली नव्हती. त्या घडीला वाटली. जो माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपून मनातलं एक अक्षर कळू देत नव्हता, तो आता काय करेल हे मी कशावरून सांगणार होते? आबांनी एक हात चेहऱ्यापुढं धरला.

मालक त्यांना ओलांडून पुढं गेले, बांबू पाण्यात घातला आणि जोर लावला.

"खाली आमच्या जुन्या गावाची झाडं हायत, आबा," ते म्हणाले. "पाणी उतरलं की बुंधे वर येत्यात. पंखा अडकंल. हितनं ढकलूनच काढाय लागती."

आबांनी हात खाली घेतला. मग काठ येईपर्यंत ते पाण्याकडंच बघत होते. काठावर त्यांची जीप उभी होती. ते उतरले आणि ड्रायव्हरला म्हणाले, बायकांना दवाखान्यात सोडून ये. स्वतः चालत घरी गेले. शेवंताचं पोट फाडावं लागलं, पण ती वाचली आणि मुलगीही वाचली. डॉक्टरीणबाई आम्हाला म्हणाल्या, अजून थोडा उशीर केला असता तर माझ्याकडं आणून उपयोग नव्हता. आत्याबाई तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मालकांना चहा देताना मी विचारलं, "कवापासनं?"

"बा गेल्यापासनं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू सांगितलंस?" ते म्हणाले.

आबांनी लाँच दुरुस्तीला म्हणून ओढून नेली ती उन्हाळा संपेपर्यंत आणली नाही. मालकांची नोकरी गेली. बजरंग वाडीतच राहिला. त्यानं आबांना मत का दिलं नाही, ते त्याला कुणी विचारलं नाही. कालव्याखालच्या बांधावर त्याचा बापही उभा राहायचा, तेवढं सगळ्यांना ठाऊक होतं. होडीनं ये-जा करताना त्या उन्हाळ्यात एक म्हातारा दवाखान्यात पोचायच्या आधी पाण्यावरच गेला. शपथ घेताना त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग वाडीनं पुन्हा अर्ज केला. आमचं केंद्र काढून घ्या, आम्ही दहिवळ्याला जाऊन मत देऊ. साहेब चक्रावले. म्हणाले, सोय द्यायचा नियम आहे, मागितलेली सोय परत घ्यायचा नाही. लोक केंद्रासाठी उपोषणं करतात आणि तुम्हाला दारातलं नको? आम्हाला गर्दी पाहिजे होती, पण हे साहेबांना कसं सांगायचं?

तोड काढली ती आत्याबाईंनी. त्या म्हणाल्या, शून्य परत येता कामा नये, शून्यात लपायला जागा नसती. तेव्हापासून दर मतदानाच्या आदल्या दिवशी खंडोबाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात एक मडकं ठेवतात. आत वाडीतल्या मतांएवढे दाणे, पांढरा घेवडा, त्यात मोजून थोडा काळा घेवडा. एकेकानं आत जायचं, हात घालून एक दाणा काढायचा, मुठीत धरून बाहेर यायचं, एकट्यानं बघायचं आणि पाण्यात टाकायचं. पांढरा आला तर आपलं मत आपलं. काळा आला तर मत आबांच्या घरात द्यायचं. तेवढी थोडी मतं त्यांना पडली की वाडीतल्या कुणालाही म्हणता येतं, ते मी दिलं. लाँच आता सरकारी आहे, पण ठेका आबांच्या पोराकडं, आणि निवडणुकीलाही तोच उभा राहतो. बायको नवऱ्याला दाणा सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही. कुणी आजवर फसवलं नाही. भंडाऱ्याची शपथ मोडणारी आम्ही माणसं घेवड्याचा शब्द मात्र पाळतो.

एका मतदानाच्या आधी शाळेचे गुरुजी फोनमध्ये बघून सांगत होते. दिल्लीत पुन्हा नवी आखणी करायचा कायदा यायचा आहे म्हणे, मतदानाचे नियमही बदलायचे म्हणतात, आणि त्यात कुणीतरी असंही सुचवलंय की चार-दहा केंद्रांची मतं आधी एकत्र करायची आणि मग मोजायची, म्हणजे कुठल्या वाडीनं कुणाला दिली ते कळणार नाही. आत्याबाई आता पार थकल्या होत्या, काठीशिवाय चालता येत नव्हतं. त्यांनी गुरुजींना ते परत वाचायला लावलं. कधी येणार म्हणून विचारलं. गुरुजी म्हणाले, आजी, अजून नुसतं बोलणं चाललंय.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धरून शाळेत नेलं. त्या पुठ्ठ्याच्या आड गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. आतले साहेब म्हणाले, आजी, दाबा बटण. मग मशीनचा आवाज आला. घरी आल्या. उंबऱ्यावर बसल्या, बोटाची शाई पदरानं पुसायला लागल्या. मी म्हटलं, आत्याबाई, ती निघायची नाही.

"सांगू नये," त्या म्हणाल्या. "पर तुला सांगते. काळा आला व्हता."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"धाकटं पोर हाय त्ये आबाचं. पर फोटूत डिट्टो बापावानी दिसतंय. त्याच्याफुडचं बटण दाबलं. तुझ्या सासऱ्यानं बांधावर उभं ऱ्हाऊन जल्म काढला, आन् म्या माझं शेवटचं मत त्यांनाच दिलं." त्या बोट चोळतच राहिल्या. "मला वाटलं व्हतं मशीन गप ऱ्हाईल. पर वाजली गं. समद्यांसाठी वाजती तशीच वाजली."

पुढचं मतदान आलं तेव्हा मडक्यातला एक दाणा आम्ही कमी केला, पांढरा.